जन्मगावी मयत

आमच्या घरात धर्मांविषयी जितकं बोलणं झालं तितका धर्म काही झाला नाही, आणि याचं श्रेय म्हणा, दोष म्हणा, अण्णांकडे जातो. माझे वडील, अण्णा, जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत कारकून होते. दिवसभर गावातल्या लोकांचे जन्म आणि मरणं लिहून झाल्यावर माणसाने घरी येऊन स्वस्थ पडावं, तर अण्णा चहा घेत आणि जगातल्या धर्मांचे जन्म आणि मरणं लिहायला बसत. त्यासाठी त्यांनी लाल कापडी पाठीचं एक लांबलचक कोरं रजिस्टर विकत आणलं होतं. रकाने कचेरीतलेच पाडलेले: नाव, जन्मस्थान, हयात की मयत, मयत असल्यास कारण, माहिती देणाऱ्याचे नाव, शेरा. माहिती देणारा म्हणजे बहुतेक एखादं जुनं पुस्तक, रविवारी सकाळी फुटपाथवरून उचललेलं, मुखपृष्ठ नसलेलं, वाळवीने समासात नक्षी काढलेलं. आई त्या पुस्तकांना घरात घेण्याआधी गॅलरीत उन्हात घालायची. अण्णा म्हणायचे, "अगं, ग्रंथ आहेत ते, गाद्या नव्हेत." आई म्हणायची, "ढेकणांना ते कुठे कळतंय?"

सदाशिव पेठेतल्या दोन खोल्या सोडून आम्ही बिबवेवाडीत दुसऱ्या मजल्यावर राहायला आलो त्याला तेव्हा सात-आठ वर्षं झाली होती, पण आई अजून "गावात जाऊन येते" असंच म्हणायची. खाली गाळ्यांमध्ये एक वेल्डिंगवाला होता, त्याच्या ठिणग्यांचा चरचराट आणि आमच्या कुकरच्या शिट्ट्या एकाच वेळी सुरू व्हायच्या. समोरच्या इमारतीत तर दर दोन महिन्यांनी एक नवी पाटी लागायची, आणि तिच्यावर कॉम्प्युटर हा शब्द असायचाच. शिंप्याचं दुकान गेलं आणि तिथे कॉम्प्युटर क्लास आला. अण्णा एकदा तिथे डोकावून आले आणि जेवताना गंभीरपणे म्हणाले, "चपला बाहेर काढायला लावतात. आत गारवा, सगळे गप्प बसून समोर बघतायत, आणि पुजाऱ्याशिवाय कोणी मूर्तीला हात लावायचा नाही. नवा धर्म निघालेला दिसतोय. नोंद करायला हवी." त्यांनी खरंच केली. शेरा: 'बालक सुदृढ.'

घरी येईल त्याला अण्णांचा एकच प्रश्न असायचा: "सगळ्यात नवलाचा धर्म तुम्हाला कुठला वाटतो?" गॅसची टाकी आणणारा, विम्याचा एजंट, केबल जोडायला आलेला माणूस, कोणीही सुटला नाही. केबलवाला म्हणाला, "काका, क्रिकेट." अण्णांना हे उत्तर फार आवडलं होतं. माझं उत्तर लहानपणापासून इजिप्तचं होतं, कारण त्यांच्याकडे मेल्यावर माणसाचं काळीज तराजूत घालून पिसाशी तोलतात, आणि गणिताचा पेपर देऊन आले की माझं काळीज कुठल्याही पिसापेक्षा जड आहे याची मला खात्री असायची. अण्णांचा स्वतःचा लाडका म्हणजे जुन्या इराणातल्या मानी नावाच्या माणसाचा पंथ. त्या लोकांची समजूत अशी की जगातला प्रकाश फळांत आणि भाज्यांत अडकून पडलाय, टरबुजात आणि काकडीत तर फारच, आणि पुण्यवान माणसाने ती खाल्ली की तो प्रकाश मोकळा होतो. हे अण्णांनी डोळे बारीक करून, हळू आवाजात सांगितलं तेव्हा आई कोशिंबीर वाढत होती. "मग दोन चमचे जास्त घ्या," ती म्हणाली, "जिन्यातला दिवा गेलाय." रोमन शिपायांच्या एका पंथात बायकांना प्रवेशच नव्हता, त्याच्यापुढे मयताचं कारण अण्णांनी लिहिलं होतं, 'निम्मी माणसं दाराबाहेर.' अण्णा स्वतः संध्या करत नसत, सोवळं पाळत नसत, पण जगात कुठेतरी एक देव होता आणि आता त्याचं नाव घ्यायला कोणी उरलं नाही, या विचाराने त्यांना खरोखरच वाईट वाटायचं. मला वाटतं कचेरीतल्या मयतांपेक्षा या मयतांचं त्यांना जास्त वाटायचं.

दादा नोकरीसाठी बडोद्याला गेला आणि त्याची खोली रिकामी झाली, तेव्हा समोरच्या क्लासच्या ओळखीने सुजाता आमच्याकडे राहायला आली. वर्धा जिल्ह्यातली, माझ्याहून तीनेक वर्षांनी मोठी, बी.एस्सी. झालेली. वडील तिकडे शाळेत मास्तर. मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि घरात मैत्रीण राहायला येणार म्हणून हुरळून गेले होते. आईने तिला दारातच तीन प्रश्न विचारले: आडनाव काय, गाव कुठलं, मांस-मच्छी खातेस का. सुजाता म्हणाली, राऊत; आर्वीजवळ; आणि नाही खात. राऊत कोणीही असू शकतात, पण आईच्या मनात जे राऊत होते तेच हे, असं धरून तिने दादाच्या खोलीची किल्ली दिली. अण्णांनी चौथा प्रश्न विचारला, त्यांचा नेहमीचा. सुजाता जरा हसली आणि म्हणाली, "सांगीन काका कधीतरी."

दोन महिन्यांत ती घरचीच झाली. आईच्या मनगटात कळ यायची, म्हणून संध्याकाळच्या पोळ्या सुजाता लाटू लागली. रविवारी ती गोळाभात करायची, भातात डाळीच्या पिठाचे गोळे शिजवायचे आणि वरून हिंग-मोहरीची चरचरीत फोडणी. आई पहिल्यांदा म्हणाली, "तेल फार आहे," आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं. आमच्याकडे यापेक्षा मोठी शाबासकी नव्हती. गौरी जेवायच्या दिवशी तिने सोळा भाज्या चिरून दिल्या, आणि आईने वरच्या मजल्यावर जाऊन सांगितलं की मुलगी म्हणजे सोनं आहे.

मला तिने खरं सांगितलं ते गच्चीवर. आम्ही कुरडया घालत होतो, ऊन डोक्यावर आलं होतं, आणि मी सहज म्हणाले की तू आमच्या आधी पुण्यात कुठे राहायचीस. ती चिकाचा सोऱ्या फिरवता फिरवता म्हणाली, "तीन घरं पाहिली. तिन्ही घरी विचारलं, कोण तुम्ही? मी सांगितलं, बौद्ध. पहिल्यांनी सांगितलं भाचा यायचा आहे. दुसऱ्यांनी सांगितलं रंग द्यायचा आहे. तिसरे बरे होते, ते काहीच न सांगता दार लावून आत गेले." मग तिने सोऱ्या खाली ठेवला. "तुझ्या आईनं तसं विचारलं नाही. म्हणून मी सांगितलं नाही. माझा कोर्स संपायला दीड महिना हाय. मग मुलाखत. बाबा म्हणतात, आता खोली गेली तर पोरी परत ये, लई झालं." ती नेहमी आमच्यासारखं बोलायचा प्रयत्न करायची, पण मनातलं बोलताना तिचं वऱ्हाड वर यायचं. मी लगेच म्हणाले, "मग सांगूच नकोस. आईला कळायचं काय कारण?" आणि मला वाटलं मी केवढा मोठेपणा केला. आज लिहिताना दिसतं की मी तिची खोली जपत नव्हते, माझ्या आईबद्दलचं माझं मत जपत होते. मला आईची परीक्षा बघायचीच नव्हती, कारण निकाल काय लागेल याची मला धास्ती होती.

मे महिन्यातला रविवार. आमरस-पुरीचा बेत. वेल्डिंगवाल्याला सुट्टी, त्यामुळे रस्ता गप्प, पंख्याचा खडखडाट तेवढा. आई पुऱ्या तळून नुकतीच ताटावर बसली होती, सुजाता माझ्या शेजारी. अण्णा आंब्याच्या दिवसांत मूडमध्ये असायचे. त्यांनी डाव्या हाताने रजिस्टर पुढे ओढलं, आईने "रस सांडेल त्याच्यावर" म्हटलं तिकडे दुर्लक्ष केलं, आणि म्हणाले, "किती वर्षं टाळत होतो, शेवटी काल मोठी नोंद केली. ऐका." त्यांनी कचेरीतल्या आवाजात वाचलं: "नाव, बौद्ध. जन्मस्थान, भारत. परदेशी हयात. जन्मगावी मयत. कारण, राजाश्रय गेला, मठ ओस पडले, पुढे नाव घेणारं कोणी उरलं नाही." मग मान हलवून म्हणाले, "काय वाईट मरण आहे बघा. जगभर नांदतोय, आणि जिथे जन्मला तिथे दिवा लावायला माणूस नाही."

मी ताटाकडे बघत राहिले. मला माहीत होतं, आणि मी पुरीचा तुकडा मोडत राहिले. शेजारी सुजाताचा हात थांबला होता.

"काका," ती म्हणाली, "ही नोंद चूक हाय."

अण्णांना चूक काढलेली आवडायची, त्यात काम असायचं. त्यांनी चष्मा वर केला. "अस्सं? पुरावा?"

"मी हाओ ना. मी बौद्ध हाओ. माझा बाप हाय, माझी माय हाय. माझा आजा नागपूरले गेला होता दीक्षा घ्याले, पांढरा सदरा उसना आणून. आमच्या घरी रोज दिवा लागते, काका. माणूस हाय."

अण्णांचा चेहरा मी आधी आणि नंतरही कधी तसा पाहिला नाही. रस्त्यात ओळखीच्या माणसाला परका समजून पुढे गेल्यावर होतो तसा. आई मात्र सुजाताकडे बघत होती. "मग आमच्याशी खोटं का बोललीस?" तिने विचारलं. आवाज चढलेला नव्हता, आणि तेच मला नको होतं.

"खोटं नाही बोलली, काकू. तुम्ही आडनाव इचारलं, गाव इचारलं, खाणं इचारलं. तिन्ही खरं सांगितलं. त्याच्या आधी तीन घरी पुढचंही इचारलं होतं, तिथेही खरंच सांगितलं. म्हणून तर चौथ्या घरी आली."

आईने ताट उचललं आणि आत गेली. रस वाटीत तसाच होता. संध्याकाळी तिने अण्णांना एवढंच सांगितलं, "महिनाअखेर तिला दुसरीकडे बघायला सांगा." सुजाताची मुलाखत पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात होती. आठवडाभरासाठी तिला पुण्यात कोण खोली देणार होतं? ती दादाच्या खोलीत पुस्तकं दोरीने बांधून ठेवू लागली. मी दारात उभी राहून "मी आईशी बोलते" म्हणाले, आणि ती म्हणाली, "तू त्या दिवशी ताटावर बोलायचं होतं." तिचं खरं होतं. मला रडू आलं आणि तिने मला समजावलंही नाही.

पुढचे पाच दिवस आई तिला वाढत होती, अगदी नीट, भाजी दोनदा विचारत होती. पण पोळ्या लाटायला हाक मारणं थांबलं. दुखऱ्या मनगटाने आई स्वतः लाटायची, पोळ्या नकाशासारख्या व्हायच्या, आणि सगळे त्या तशाच खायचे. आईला काय डाचत होतं हे मी तेव्हा एका शब्दात सांगून मोकळी झाले होते. आता वाटतं, जात तर होतीच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण सबंध बिल्डिंगमध्ये जिला सोनं म्हटलं ती आपल्याला इतकी ओळखून बसली होती, की आपल्याला खरं सांगण्यात धोका आहे हे तिने ताडलं होतं, हेही आईला लागलं होतं.

अण्णा मधल्या काळात कासावीस होते. आईपुढे त्यांचं कधीच चाललं नाही, पण रजिस्टरपुढे चालायचं. पाचव्या दिवशी सकाळी कचेरीत रजा टाकून ते सुजाताच्या खोलीच्या दाराशी गेले, आत न जाता उभे राहिले आणि म्हणाले, "नोंद दुरुस्त करायची म्हणजे नुसती खोडता येत नाही. पद्धत असते. कारकुनाने समक्ष पाहणी करावी लागते. मला जिथे दिवा लागतो तिथे नेशील का?" सुजाताने पुस्तकांची दोरी खाली ठेवली. "आज पौर्णिमाच हाय," ती म्हणाली.

विहार कुठे होतं, तर आमच्या बसस्टॉपच्या मागच्या गल्लीत. पत्र्याचं छत, निळा रंग दिलेली भिंत, बाहेर चपलांची रांग. अण्णा गेली सात-आठ वर्षं रोज सकाळी त्याच्याकडे पाठ करून बसची वाट बघत उभे राहत आले होते. मीही गेले होते, कुणी बोलावलं नव्हतं तरी. आत पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका होत्या, कॉलेजातली मुलं होती, एक म्हातारे गृहस्थ मेणबत्त्या सरळ करत होते. सगळ्यांनी मिळून वंदना म्हटली, आणि अण्णा टोपी हातात घेऊन अगदी मागे, सतरंजीच्या कडेला बसले होते. नंतर खीर वाटली. एका बाईंनी अण्णांना विचारलं, "भाऊ, इथेच राहता का? कधी दिसला नाहीत." अण्णा म्हणाले, "इथेच राहतो. मीच बघितलं नाही." बाईंनी आणखी एक डाव खीर झाकणाच्या डब्यात भरून दिली, घरच्यांसाठी.

तो डबा अण्णांनी ओट्यावर ठेवला आणि ते बाहेर येऊन बसले. आई कणीक मळत होती. तिने विचारलं, "काय आहे?" सुजाता दारातून म्हणाली, "पौर्णिमेची खीर, काकू. विहारातली." आईने हात धुतले. पदराला पुसले. परत धुतले. मग तिने फडताळातून वाटी काढली, खीर वाढून घेतली, आणि उभ्यानेच एक चमचा तोंडात घातला. आमच्या घरात देवाचा प्रसादही आईच्या तोंडून शेऱ्याशिवाय सुटला नव्हता.

"साखर कमी पडलीये," ती म्हणाली.

"नाही काकू," सुजाता म्हणाली, "बरोबर हाय. आमच्याकडे इतकीच गोड करतात."

आईने तिच्याकडे पाहिलं. मग दुसरा चमचा घेतला, जरा वेळ तोंडात घोळवला. "असेल," ती म्हणाली. "मुलाखत कधी म्हणालीस तुझी?" सुजाताने सांगितलं. "मग महिनाअखेरीचं राहू दे. आणि उभी काय राहिलीस? पोळपाट घे. माझ्या हाताचे काय हाल झालेत."

त्यानंतर आई पार बदलली असं मी लिहिणार नाही, ते खोटं होईल. शेजारी कुणी विचारलं तर ती बरीच वर्षं नुसतं "वर्ध्याची आहे" म्हणायची. पण पुढल्या पौर्णिमेला अण्णांना डबा तिनेच काढून दिला, आणि रिकामा देऊ नये म्हणून त्यात चार बेसनाचे लाडू घातले. सुजाता कोथरूडच्या एका बंगल्यात थाटलेल्या कंपनीत लागली, अमेरिकेतल्या कुठल्याशा विमेवाल्यांची कामं करायला, आणि आमच्याकडे महिनाभर नव्हे तर लग्न होईपर्यंत राहिली. माझ्याशी ती पुन्हा पूर्वीसारखं बोलायला लागली त्याला मात्र पावसाळा उलटावा लागला, आणि तेवढा वेळ तिने घेतला हे बरंच केलं.

विहारातून आल्या दिवशी दुपारी अण्णांनी दुरुस्ती केली होती. लाल शाईचं पेन, पट्टी, टीपकागद. मूळ नोंदीवर आडवी रेघ, खाली नवा मजकूर, आणि मग त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात काहीतरी लिहून रजिस्टर सुजातापुढे सरकवलं, माहिती देणाऱ्याची सही घ्यायला. तिने शेरा वाचला, अण्णांकडे पाहिलं, आणि सही केली. मला त्यांनी ते पान दाखवलं नाही. रजिस्टर मिटलं ते कपाटात गेलं, आणि त्यांचा नाद मात्र पुढे दुसऱ्या रजिस्टरात चालू राहिला.

अण्णा गेल्या वर्षी गेले. त्यांच्या दाखल्यासाठी मीच त्यांच्या जुन्या कचेरीत जाऊन आले. आता तिथे सगळं कॉम्प्युटरवर आहे, चपला घालून आत जाता येतं. दिवसवाराला सुजाता धायरीहून आली, केस पांढरे झालेले, येताना आईसाठी डब्यात गोळाभात घेऊन. आई आता पंच्याऐंशीला टेकली आहे, तिने दोन घास खाल्ले आणि तेल फार आहे म्हणाली. जेवणं झाल्यावर सुजाताने मला विचारलं, "ते लाल रजिस्टर आहे का गं? त्यातला शेरा कधी वाचलास?" मी नाही म्हटलं. आम्ही दोघींनी मिळून ते कपाटाच्या वरच्या खणातून काढलं. शाई जरा फिकी झाली होती, पण अण्णांचं कारकुनी अक्षर स्वच्छ होतं. जन्मगावी मयत, यावर रेघ. खाली, 'जन्मगावी हयात. समक्ष पाहिले.' माहिती देणार, सुजाता राऊत, आणि तिची सही. शेजारी शेरा, चुकीचे कारण: 'कारकुनाने सगळ्या जगात चौकशी केली, स्वतःच्या घरात केली नाही.'